हिवाळ्यात मनाची काळजी: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी आटोपते, पहाटेच्या हवेत गारठा जाणवू लागतो आणि नागपुरात घरोघरी पेटीतल्या रजया उन्हात वाळत पडतात. त्याच सुमारास समुपदेशनासाठी येणाऱ्यांच्या बोलण्यात काही वाक्ये पुन्हा पुन्हा ऐकू येऊ लागतात. “सकाळी अंथरुणातून उठवत नाही”, “दिवेलागणीला उगाच रडू येते”, “कोणाला भेटावेसेच वाटत नाही.” या वाक्यांमागे जे प्रश्न असतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. ती माहितीसाठी आहेत. तपासणी आणि उपचार यांची जागा ती घेऊ शकत नाहीत.

नागपुरात हिवाळ्यातही लख्ख ऊन असते. मग इथे थंडीमुळे मन उदास होण्याचा प्रश्न येतोच कुठे?

शंका रास्त आहे. दर हिवाळ्यात येणारे आणि ऋतू बदलला की ओसरणारे हंगामी नैराश्य अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये सविस्तर मांडले. ते प्रामुख्याने विषुववृत्तापासून दूरच्या प्रदेशांतले दुखणे आहे. नॉर्वेतील ऑस्लो शहरात डिसेंबरच्या अखेरीस दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथला वर्षातला सर्वांत लहान दिवससुद्धा सुमारे १० तास ५० मिनिटांचा आणि सर्वांत मोठा सुमारे १३ तास २५ मिनिटांचा असतो. तेव्हा परदेशातील वर्णने वाचून आपल्याला तोच आजार जडला आहे, असे ठरवण्याची घाई करू नये.

पण म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. इथे उजेड मुबलक आहे. आपला दिवस मात्र त्या उजेडाकडे पाठ करून जातो. सकाळी थंडी म्हणून खिडक्या बंद, आंघोळ उरकेपर्यंत नऊ वाजलेले, मग हेल्मेट आणि रुमालाने चेहरा झाकून कार्यालय गाठायचे, तिथे दिवसभर ट्यूबलाइटखाली बसायचे आणि बाहेर पडावे तो अंधार. ज्या शहरात मे महिन्यात ४५ अंशांचे ऊन चुकवण्यासाठी माणसे जीव मुठीत धरून सावली शोधतात, तिथे ऊन टाळण्याची सवय अंगात इतकी मुरलेली असते की डिसेंबरातही ती सुटत नाही. माझ्या मते नागपुरातल्या हिवाळी उदासीचे सर्वांत सहज सुधारता येण्याजोगे कारण हेच आहे.

संध्याकाळच जास्त जड का जाते?

याला थोडा भूगोलही कारणीभूत आहे. साऱ्या देशाचे घड्याळ एक असले, तरी नागपूर मुंबईच्या बरेच पूर्वेला असल्यामुळे इथे सूर्य सुमारे पंचवीस मिनिटे आधी मावळतो. नोव्हेंबरच्या अखेरीस नागपुरात साडेपाचलाच सूर्यास्त होतो. मुंबई-पुण्याहून बदली होऊन आलेली माणसे पहिल्याच हिवाळ्यात हे बोलून दाखवतात. इथल्या लोकांच्या ते अंगवळणी पडलेले असते, पण मनावरचा परिणाम चुकत नाही. आपल्या भाषेत या वेळेला कातरवेळ म्हणतात आणि तो शब्द काही उगाच पडलेला नाही.

एका निवृत्त शिक्षिकांच्या घरी मी डिसेंबरात गेले होते. पाच वाजता त्यांनी डास आत येतील म्हणून सगळ्या खिडक्या लावल्या, पडदे ओढले आणि विजेचे बिल वाढू नये म्हणून फक्त देवघरातला छोटा दिवा लावला. साडेसहाला मुलाचा फोन येईपर्यंत त्या तशाच अंधारात खुर्चीवर बसून होत्या. “रोज असेच असते,” म्हणाल्या. त्यांना मी दोनच गोष्टी सुचवल्या. पहिली, सूर्य मावळण्याच्या अर्धा तास आधी बैठकीतले सगळे दिवे लावायचे. दुसरी, साडेपाच ते सात या वेळेत हाताला काही तरी काम ठेवायचे, मग ते तुरीच्या शेंगा सोलणे असो, शेजारच्या मुलांचा अभ्यास घेणे असो किंवा बहिणीला फोन करणे. खिडक्यांना जाळ्या बसवून घेतल्या तर पडदेही इतक्या लवकर ओढावे लागत नाहीत. संध्याकाळ ज्यांना खायला उठते, त्यांनी ती मोकळी ठेवू नये.

उजेडाचा आणि मनाचा नेमका संबंध काय?

डोळ्याच्या पडद्यात पाहण्यासाठी लागणाऱ्या पेशींखेरीज अशाही काही पेशी असतात, ज्यांचे मुख्य काम बाहेर किती उजेड आहे हे मेंदूला कळवणे असते. त्यांचा निरोप मेंदूतल्या एका छोट्या केंद्राकडे जातो आणि तेच केंद्र झोप, जाग, शरीराचे तापमान आणि अनेक संप्रेरकांचे वेळापत्रक सांभाळते. अंधार पडल्यावर मेलाटोनिन हे संप्रेरक वाढते आणि शरीराला रात्र झाल्याची सूचना मिळते. सकाळच्या उजेडाने ते थांबते आणि घड्याळ रोजच्या रोज जुळवले जाते. सकाळी उजेड पुरेसा मिळाला नाही, तर घड्याळ मागे रेंगाळते, झोप उशिरा लागते, जाग उशिरा येते आणि दिवसभर अंग व मन जड राहते.

आपल्या डोळ्यांना फसवणारी एक गोष्ट इथे सांगायला हवी. दिवे लावलेली बैठक आपल्याला चांगली उजळलेली वाटते, पण तिथला उजेड मोजला तर तो बहुधा १०० ते ३०० लक्स भरतो. ढगाळ दिवशीही उघड्यावर काही हजार लक्स असतात आणि स्वच्छ उन्हात ते लाखाच्या घरात जाऊ शकतात. त्यामुळे घरात कितीही दिवे लावले तरी गच्चीवरच्या पंधरा मिनिटांची बरोबरी होत नाही.

ऊन केव्हा आणि किती घ्यावे? कोवळे ऊन चांगले की दुपारचे?

दोन्हींची कामे वेगळी आहेत आणि लोक नेहमी त्यांची सरमिसळ करतात.

शरीराचे घड्याळ जुळवण्यासाठी सकाळचा उजेड लागतो. तो डोळ्यांपर्यंत पोहोचायला हवा, पण सूर्याकडे थेट कधीही पाहू नये. उघड्यावर असणे पुरेसे असते. जानेवारीच्या मध्यावर नागपुरात सूर्योदय सुमारे सहा वाजून त्रेपन्न मिनिटांनी होतो. सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरला होऊन गेला तरी सकाळ मात्र पुढचे तीन आठवडे उशिराच होत जाते, म्हणून “दिवस मोठा व्हायला लागला म्हणता, मग उठताना अजून अंधार कसा?” या प्रश्नात तथ्य आहे. सात ते नऊ या वेळेत वीस ते तीस मिनिटे गच्ची, अंगण, गॅलरी किंवा रस्त्यावर घालवावीत. चहाचा कप आणि वर्तमानपत्र घेऊन ऊन खात बसण्याची आपली जुनी रीत याच कामाची आहे. ती अर्धवट सोडून आपण कप घेऊन मोबाइलपाशी बसू लागलो, एवढेच.

ड जीवनसत्त्वाचे तसे नाही. ते त्वचेत तयार होण्यासाठी सूर्यप्रकाशातले जे अतिनील किरण लागतात, ते कोवळ्या उन्हात फारच थोडे असतात. त्यासाठी अकरा ते दोनच्या दरम्यानचे ऊन हात, पाय, चेहऱ्यावर थोडा वेळ पडायला हवे आणि ते काचेच्या खिडकीतून घेतलेले चालत नाही, कारण काच ते किरण अडवते. ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर आढळते, तिच्यामुळे थकवा आणि अंगदुखी होते आणि ती भरून काढायलाच हवी. पण केवळ त्याच्या गोळ्यांनी नैराश्य बरे होते असे छातीठोकपणे सांगण्याइतका पुरावा नाही. गोळ्या तपासणी करून, डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणातच घ्याव्यात. जास्त प्रमाणात घेतलेले ड जीवनसत्त्व अपाय करते.

उजेडाचे खास दिवे मिळतात, ते विकत घ्यावेत का?

उत्तरेकडच्या देशांत हंगामी नैराश्यासाठी रोज सकाळी १०,००० लक्सच्या दिव्यासमोर सुमारे अर्धा तास बसवतात आणि त्याचा चांगला उपयोग होतो. नागपुरात जिथे गच्चीवर याहून जास्त उजेड फुकट मिळतो, तिथे बहुतेकांना या खर्चाची गरज नाही. अंथरुणाला खिळलेली व्यक्ती किंवा कायम रात्रपाळी करणारे यांच्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने विचार करता येईल. ज्यांना द्विध्रुवी विकार आहे, म्हणजे कधी टोकाची उदासी आणि कधी टोकाचा उत्साह असे झोके येतात, त्यांनी असा दिवा परस्पर वापरू नये, कारण त्याने उत्साहाचा झटका येऊ शकतो. डोळ्यांच्या पडद्याचा विकार असणाऱ्यांनीही आधी विचारावे.

इतक्या थंडीत फिरायला जाणे योग्य आहे का?

बहुतेकांसाठी योग्य आहे, फक्त वेळ बदलावी. नियमित चालण्याने सौम्य नैराश्यात खरोखर फरक पडतो आणि आठवड्याला एकूण १५० मिनिटे भरभर चालणे हे गाठता येण्याजोगे लक्ष्य आहे. अडचण अशी की आपल्याकडे “फिरायला” म्हणजे पहाटे पाचलाच, असा एक हट्ट असतो. नागपूरचा हिवाळा थट्टेवारी नेण्यासारखा नाही. २९ डिसेंबर २०१८ रोजी इथे ३.५ अंश तापमानाची नोंद झाली होती. अशा पहाटे थंड हवा जमिनीलगत दबून राहते, वर उबदार हवेचा थर असतो आणि वाहनांचा, चुलींचा, टायर-प्लास्टिक जाळून केलेल्या शेकोट्यांचा धूर वर न जाता नाकाच्या उंचीवरच साचतो. थंडीने रक्तवाहिन्या आकसून रक्तदाबही वाढतो. म्हणून दमा, हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी ऊन पडल्यावर, साडेसात-आठनंतर बाहेर पडावे. त्यात उजेडाचाही लाभ साधतो, जो पहाटेच्या अंधारात चालून मिळत नाही.

सेमिनरी हिल्सचा चढ, फुटाळ्याचा काठ, अंबाझरीचा परिसर, महाराजबाग अशी ठिकाणे शहराच्या अगदी पोटात आहेत. ज्यांना एकट्याने निघणे जमत नाही त्यांनी कोणाशी तरी वेळ ठरवून घ्यावी. चौकात कोणी तरी वाट पाहत उभे आहे, एवढी जाणीव रजई दूर सारायला पुरते.

झोप खूप येते. रविवारी उशिरापर्यंत झोपून ती भरून काढावी का?

थोडी जास्त झोप थंडीत स्वाभाविक आहे. पण रोज साडेसहाला उठणारी व्यक्ती रविवारी दहाला उठली, तर शरीराचे घड्याळ साडेतीन तास मागे सरकवल्यासारखे होते आणि सोमवारची सकाळ त्याची किंमत मोजते. उठण्याची वेळ सातही दिवस तासाभराच्या आत सांभाळावी. झोपण्याची वेळ आपल्या हातात नसते, उठण्याची असते, म्हणून सुरुवात तिथूनच करावी.

रब्बीच्या पिकाला रात्रीच्या विजेवर पाणी देणारे शेतकरी आणि मिहान या उद्योगक्षेत्रात रात्रपाळी करणारी मुले यांना हा सल्ला जसाच्या तसा लागू पडत नाही, याची मला जाणीव आहे. त्यांनी निदान दिवसा झोपताना खोली पूर्ण अंधारी करावी आणि उठल्याबरोबर तासभर बाहेरच्या उजेडात राहावे.

हिवाळ्यात सारखे गोडधोड खावेसे वाटते. ते वाईट आहे का?

मुळीच नाही. तीळ, गूळ, शेंगदाणे, बाजरी, मेथी हे थंडीचे खाणे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आले आहे. ओल्या तुरीच्या दाण्यांचा सोलेभात, भरीत-भाकरी, अंबिया बहाराची संत्री गच्चीवर उन्हात बसून घरच्यांबरोबर खाण्यात जे सुख आहे, ते मनाला हवेच असते. काळजी करावी ती वेगळ्या लक्षणाची: भूक नसताना, एकट्याने, रात्री उशिरा बिस्किटे आणि फरसाण संपवणे आणि मग स्वतःचा राग येणे. हे आठवड्यातून अनेकदा होत असेल, तर ते खाण्याचे नसून मनाचे लक्षण समजावे.

थंडी घालवण्यासाठी दारू घेण्याचा समज मात्र सर्वस्वी चुकीचा आहे. तिने त्वचेकडचा रक्तप्रवाह वाढून ऊब आल्याचा भास होतो आणि प्रत्यक्षात शरीर उष्णता गमावते; झोप तुटक होते आणि दुसऱ्या दिवशी उदासी वाढते.

मुलगा शिक्षणासाठी नागपुरात खोली करून राहतो. फोनवर फार बोलत नाही. काय करावे?

विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा, जानेवारीतली जेईई आणि त्यापाठोपाठ बारावीची बोर्डाची परीक्षा यांमुळे विद्यार्थ्यांचा हिवाळा मुळातच ताणाचा असतो. त्यात यवतमाळ, गडचिरोली, गोंदियाकडून आलेली मुले भाड्याच्या खोलीत एकटी राहतात, खोलीला अनेकदा खिडकी असून नसल्यासारखी असते आणि रात्रभर जागून अभ्यास करण्याची स्पर्धा लागलेली असते. “अभ्यास कसा चाललाय?” हा प्रश्न आठवडाभर बाजूला ठेवावा. “आज कुठे जेवलास? काल किती वाजता झोपलास? कोणाबरोबर चहाला गेला होतास?” असे विचारावे. उत्तरांवरून बरेच कळते. सलग काही दिवस जेवण टाळले जात असेल, वर्गाला जाणे बंद झाले असेल किंवा आवाज सपाट झाला असेल, तर फोनवर उपदेश न करता गाडी पकडून भेटायला यावे आणि एक-दोन दिवस सोबत राहावे.

हे साधे मलूल वाटणे आहे की नैराश्य, हे कसे ओळखावे?

मलूलपणात माणूस चार दिवस गप्प असतो, पण आवडत्या माणसाच्या येण्याने खुलतो. संक्रांतीला पोरांनी पतंग कापून गच्चीवरून “ओ काट” म्हणून आरोळी ठोकली की तोही वर जाऊन मांज्याची चक्री धरतो. नैराश्यात हे खुलणेच बंद होते. मन उदास असणे किंवा कशातच रस न वाटणे यांपैकी काही एक दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, दिवसाचा बराचसा वेळ टिकले आणि त्याच्या जोडीला झोप वा भूक बिघडणे, सतत थकवा, लक्ष न लागणे, हालचाली मंदावणे, आपण कुचकामी आहोत असे वाटणे किंवा मरणाचे विचार येणे अशी लक्षणे दिसली, तर डॉक्टरांना भेटायलाच हवे. वृद्धांमध्ये हेच दुखणे अनेकदा रडण्याऐवजी अंगदुखी, चिडचिड आणि “मला काही नको” अशा शब्दांत प्रकट होते आणि घरचे ते वयावर ढकलतात.

डॉक्टर बहुधा काही रक्ततपासण्याही सांगतील. थायरॉइडचे काम मंदावणे, रक्तक्षय, बी १२ जीवनसत्त्वाची कमतरता यांची लक्षणे नैराश्यासारखीच दिसू शकतात आणि शाकाहारी घरांत बी १२ ची कमतरता वारंवार सापडते.

नागपुरात मदत कुठे मिळते? औषधांची सवय लागते का?

शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले “मेडिकल”, इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे “मेयो” आणि मिहानमधील एम्स या तिन्ही ठिकाणी मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग आहे. प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या नावाला लोक बिचकतात, पण तिथेही बाह्यरुग्ण तपासणी होते आणि तपासणीला जाणे म्हणजे भरती होणे नव्हे. घराबाहेर पडणे जड वाटत असेल, तर केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार उपचारांबाबत गुप्तता हा रुग्णाचा हक्क आहे आणि आरोग्य विम्यातही मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागवणे विमा कंपन्यांवर बंधनकारक आहे.

नैराश्यावर नेहमी दिल्या जाणाऱ्या औषधांची व्यसनासारखी चटक लागत नाही. त्यांचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागू शकतात आणि ती एकदम बंद केल्यास चक्कर, बेचैनी असा त्रास होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायची असतात. झोपेच्या काही गोळ्यांची सवय मात्र लागू शकते. त्या परस्पर दुकानातून आणून घेऊ नयेत.

“आता जगण्यात अर्थ नाही” असे कोणी बोलून दाखवले तर?

ते गांभीर्यानेच घ्यावे. “असे बोलू नये”, “तुला काय कमी आहे” म्हणून विषय बंद करू नये. शांत जागी बसून सरळ विचारावे: “जीव द्यावा असे मनात येते का?” असे विचारल्याने तो विचार कोणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट इतके दिवस एकट्याने वाहिलेले ओझे खाली ठेवायला जागा मिळते. उत्तर होकारार्थी असेल तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, घरातली कीटकनाशके आणि औषधांचा साठा तिच्या हाताला लागणार नाही असा ठेवावा, १४४१६ वर फोन लावावा आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. धोका समोर दिसत असेल तर ११२ किंवा १०८ वर कळवावे. हे वाचताना तो विचार तुमच्याच मनात असेल, तर आत्ता जो माणूस सर्वांत जवळ आहे त्याला तेवढे एक वाक्य सांगा.

दरवर्षी याच दिवसांत त्रास होतो. पुढच्या वर्षीची तयारी केव्हापासून करावी?

कोजागरीपासून. एका साध्या वहीत रोज तीन नोंदी ठेवाव्यात: किती वाजता उठलो, सकाळी किती मिनिटे उजेडात होतो आणि मन कसे होते, दहापैकी किती गुण. दोन हिवाळ्यांच्या नोंदी हाती असल्या की डॉक्टरांना निदान करणे पुष्कळ सोपे जाते आणि खरोखरच ऋतूबरोबर येणारे नैराश्य असेल, तर डॉक्टर थंडीच्या आधीच उपचार सुरू करण्याचा निर्णय घेऊ शकतात. फेब्रुवारी लागला की नागपुरात सूर्यास्त सहाच्या पुढे जातो, रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाच्या निमित्ताने घराघरांत वर्दळ असते आणि अनेकांना आपोआप बरे वाटू लागते. नेमक्या याच वेळी “आता काय गरज” म्हणून गोळ्या बंद केल्या जातात. त्या बंद करण्याआधी वही घेऊन एकदा डॉक्टरांना भेटून यावे.